फाटा फुटलाय, 'रिझाईन' लिहून पाठवू का?

पोटोमॅककाठी | ३ फेब्रुवारी २०२५

नमस्कार. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर आणि गणपतीच्या मखरापुरती असते, आज झोप उडालीये म्हणून लिहितेय.

मी अमेरिकेत फेडरल सरकारात नोकरीला आहे. १४ वर्षं पूर्ण, वय नुकतंच ४७. आकडेवारीचं काम, एजन्सीचं नाव नको. मागच्या मंगळवारी, २८ जानेवारीला, ओपीएमकडून म्हणजे केंद्राच्या कार्मिक खात्याकडून सगळ्यांना मेल आली, विषय 'फोर्क इन द रोड', म्हणजे रस्त्याला फुटलेला फाटा. खरं सांगते, मला आधी फिशिंगच वाटलं. आमच्या दरवर्षीच्या सायबर ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात की अनोळखी पत्त्यावरून, घाईची मुदत घालून काही आलं तर उत्तर देऊ नका, आणि इथे चक्क 'रिझाईन' एवढा एक शब्द टाईप करून सेंड करा असं लिहिलेलं. मुदत गुरुवार, ६ तारीख.

ऑफर अशी की आत्ता राजीनामा दिला तर ३० सप्टेंबरपर्यंत पगार आणि इन्शुरन्स चालू, ऑफिसला यायची सक्ती नाही, काम बहुधा काढूनच घेतील. नाही दिला तर आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस, आणि पोस्ट राहील याची हमी नाही हे त्यांनीच लिहिलंय. जर्मनटाऊनहून वॉशिंग्टन डीसीला मार्क नावाची लोकल ट्रेन आणि पुढची पायपीट धरून रोजचे तीन तास जाणार.

नवरा म्हणतो घेऊन टाक. नाशिकहून बाबा म्हणतात सरकारी नोकरी कोणी सोडतं का. मुलगा बारावीला, सप्टेंबरमध्ये कॉलेजची फी सुरू. ज्यांनी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) वगैरे घेतलीये किंवा नाकारलीये त्यांनी प्लीज लिहा. तुम्ही काय केलं असतं?

चिंचगुळ

फाट्यावर मार.

मुलुंडचा_मुलगा

फोर्क म्हणजे काटाच ना? रस्त्यात काटा टाकून ठेवलाय आणि वर विचारतायत की चप्पल काढणार का. :)

सिलिकॉनवाला

मी उलटं सांगतो. घ्या. आठ महिन्यांचा पगार घरबसल्या कोण देतं? २०२३ ला मला सकाळी लॅपटॉप उघडेना म्हणून कळलं की आपण गेलो. दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला आणि टाटा. तेव्हा माझ्यासाठी कुणी धागा काढला नव्हता. आणि हा विषय काही नवा नाही, मस्कने नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरच्या लोकांना याच शीर्षकाची मेल टाकली होती. आम्ही खाजगीवाले रोज याच टांगत्या तलवारीखाली जेवतो, सरकारी लोकांना सवय नाही एवढंच.

चिंचगुळ

@सिलिकॉनवाला, त्याच उदाहरणातली पुढची गोष्टही सांगा ना. ट्विटरमधून गेलेल्या कितीतरी जणांनी सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना मिळणारी भरपाई, मिळाला नाही म्हणून कोर्टात केसेस घातल्या. ज्याच्या मेलची नक्कल आहे त्याचा पूर्वेतिहास बघायला नको का?

सहावा_अटेम्प्ट

आम्ही इथे पुण्यात अभ्यासिकेत बसून सहा वर्षं एमपीएससी देतोय आणि लोक विचारतायत नोकरी सोडू का. ताई तुमची जागा मला द्या, मार्क ट्रेनने काय, चालत जाईन.

मुलुंडचा_मुलगा

जर्मनटाऊनहून? चाल बाबा. पोचेपर्यंत सातवा अटेम्प्ट होईल.

खतावणी

भावनांचं नंतर बघू, आधी आकडे. मी फेडरल नाही, पण बायको २२ वर्षं आहे त्यामुळे हे नियम आमच्या फ्रिजवर चिकटवलेले आहेत.

तू राजीनामा दिला नाहीस आणि उद्या त्यांनी रीतसर कपात केली, ज्याला इकडे रिफ म्हणतात, तर सेव्हरन्स मिळतो. पहिल्या १० वर्षांचा वर्षाला एक आठवडा, पुढच्या प्रत्येक वर्षाचे दोन. तुझे १० अधिक ८ म्हणजे १८ आठवडे. वर चाळिशीनंतरच्या दर पूर्ण तिमाहीला अडीच टक्के वाढ, ४७ म्हणजे २८ तिमाह्या, ७० टक्के. १८ चे झाले ३०.६ आठवडे. आणि ६ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर म्हणजे ३४ आठवडे धर. म्हणजे 'आठ महिने फुकट' हे जे चाललंय त्यातला फरक जेमतेम साडेतीन आठवड्यांचा आहे, शिवाय रिफमध्ये साधारण ६० दिवसांची नोटीस असते तेव्हाही पगार चालू असतो. राजीनामा स्वतःहून दिला की सेव्हरन्स विसरायचा.

ऑफरच्या बाजूनेही एक सांगतो म्हणजे एकतर्फी नको. त्या ३४ आठवड्यांत इन्शुरन्स पूर्ण चालू राहतो आणि सर्व्हिस मोजली जाते. सेव्हरन्सच्या काळात तसं नाही.

आता खरं दुखणं. तू आज गेलीस तर पेन्शन बुडत नाही, ६२ ला मिळेल. पण फेडरलचा हेल्थ इन्शुरन्स म्हातारपणी सोबत येणार नाही, कारण तो नोकरीतून थेट रिटायर होणाऱ्यांना मिळतो. तुझं किमान रिटायरमेंट वय ५७. लवकर रिटायरमेंटला ५० वय आणि २० वर्षं लागतात किंवा वय कितीही आणि २५ वर्षं, तू दोन्हीत बसत नाहीस. लोक पगाराचा हिशेब करतायत, मी असतो तर पासष्टीतल्या औषधांचा केला असता.

पोटोमॅककाठी

@खतावणी, हे वाचून मी आणि नवरा दोघंही गप्प बसलो. इन्शुरन्सचं डोक्यातच नव्हतं. थँक यू हो.

सिलिकॉनवाला

हिशेब मान्य. पण त्यात एक गृहीतक लपलंय की रिफ नियमाने होईल. ती मंडळी नियमाने जातील असं दिसतंय का?

खतावणी

मग ३० सप्टेंबरपर्यंत पगार तरी नियमाने देतील असं दिसतंय का? काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, पैसे १४ मार्चपर्यंतचेच मंजूर केलेत. मंजूर नसलेल्या पैशाचं वचन द्यायचं नाही असा कायदाच आहे, अँटिडेफिशियन्सी ॲक्ट. व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन पहिल्याच दिवशी सिनेटमध्ये उभे राहून हेच ओरडले की फसू नका. युनियनही तेच सांगतेय.

आणि पेपरवाले याला बायआउट म्हणतायत ते चूक. बायआउटमध्ये रक्कम हातात पडते. क्लिंटनच्या काळात १९९४ ला त्यासाठी काँग्रेसने कायदा केला होता, २५ हजार डॉलरपर्यंत. गंमत म्हणजे कमाल मर्यादा बहुतेक खात्यांत अजून तेवढीच आहे, ३० वर्षांत दूध किती महागलं ते विचारू नका.

टेलिफोनकाका | ४ फेब्रुवारी

मुली, मी सांगलीकडचा, बीएसएनएलमधून व्हीआरएस घेतलेला. आमच्या वेळी २०१९ च्या नोव्हेंबरात ४ तारखेला स्कीम उघडली आणि ३ डिसेंबरला बंद. वय ५० च्या वर पाहिजे. झालेल्या नोकरीचे वर्षाला ३५ दिवस आणि राहिलेल्या नोकरीचे वर्षाला २५ दिवस असा एक्सग्रेशियाचा, म्हणजे वर मिळणाऱ्या रकमेचा हिशेब. तेव्हा खात्याची आर्थिक हालत काय होती ते पेपरात रोजच येत होतं. दीड लाखाच्या आसपास माणसं होतो त्यातली साडेअठ्ठ्याहत्तर हजार एकाच दिवशी घरी गेली, ३१ जानेवारी २०२०. मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलची १४ हजारांवर निराळी.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या एक्स्चेंजमध्ये गेटवर एकच हार वारंवार वापरला. एवढे हार आणायचे कुठून! एकाच्या गळ्यात घालायचा, फोटो काढायचा, काढून दुसऱ्याच्या गळ्यात. मी सोळावा होतो, माझ्यापर्यंत पाकळ्या गळून दोरा राहिला होता. तो फोटो आहे माझ्याकडे अजून.

एप्रिलात नर्मदा परिक्रमा करायची ठरवली होती. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. परिक्रमा झाली ती गच्चीवर. सहा महिने ही म्हणायची अहो सारखे स्वयंपाकघरात काय येता, डबे काय हलवता. मी आयुष्यभर केबलचे फॉल्ट शोधले, घरात दुसरं काय शोधणार.

पैशाबद्दल तक्रार नाही. ठरलं ते मिळालं, पेन्शन चालू आहे. ते पैसे मी मेव्हण्याच्या सांगण्यावरून एका ठिकाणी घातले तो गाढवपणा माझा. पण आमच्यात आणि तुझ्यात फरक बघ. आम्हाला कॅबिनेटने मंजूर केलेली स्कीम होती, किती दिवसांचा पगार ते छापलेलं होतं, विचार करायला महिना होता. तुला नऊ दिवस आणि एक शब्द. कागद कुठाय गं?

चिंचगुळ

काका, तो दोऱ्याचा फोटो टाका ना!

टेलिफोनकाका

नातवाला विचारून टाकतो.

पासबुक

काकांनी कागद म्हटलं म्हणून. २००० च्या शेवटी सरकारी बँकांत व्हीआरएस आली होती, मी तेव्हा ४३ चा, नगर जिल्ह्यात शाखाधिकारी. १५ वर्षं नोकरी किंवा ४० वय, झालेल्या वर्षाला ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, जे कमी असेल ते. अर्ज भरून दिला आणि रात्री झोप लागेना. सकाळी जाऊन मागे घेतला. साहेब म्हणाले एकदा दिला की दिला. असे हजारो लोक होते, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, ओ. पी. स्वर्णकार म्हणून २००३ चा निकाल आहे. कोर्ट साधारण असं म्हणालं की स्कीम हे फक्त आमंत्रण, कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव, आणि बँकेने तो स्वीकारायच्या आत मागे घेता येतो. स्टेट बँकेची स्कीम वेगळी असल्याने त्यांचं वेगळं झालं.

हा भारतातला कायदा, तुमच्याकडे चालणार नाही. पण प्रश्न तोच आहे. तुम्ही 'रिझाईन' लिहून पाठवलंत की तो करार झाला का नुसता अर्ज? स्वीकारणार कोण, तुमची एजन्सी का ओपीएम? हे ज्या मेलमध्ये नीट लिहिलेलं नाही तिला मी उत्तर दिलं नसतं. मी २०१७ पर्यंत नोकरी केली. पस्तावलो नाही असं म्हणणार नाही, नोटाबंदीचे ५० दिवस काउंटरच्या आत होतो.

कंत्राटी_कावळा

आमचं कुणी विचारतच नाही. मी त्याच डीसीत सरकारी प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टर आहे, सिटिझन नाही म्हणून फेडरल होता येत नाही. तुम्हाला निदान फाट्यावर उभं करून विचारतात डावीकडे का उजवीकडे. आमचा रस्ता शुक्रवारी दुपारी चार वाजता संपतो. नोकरी गेली की एच वन बीला नवी शोधायला ६० दिवस. ताई, तुमचं दुःख खोटं म्हणत नाही, पण रांग लांब आहे.

रोखठोक_रावसाहेब

एक कटू सत्य सांगू का? सरकारी नोकर इथला असो वा तिथला, काम कुणीच करत नाही. सातबारासाठी सहा हेलपाटे घातलेत मी. तिकडे कुणीतरी झाडू मारतोय तर मारू द्या, इकडेही पाठवा.

टेलिफोनकाका

रावसाहेब, २०१९ च्या महापुरात आमची माणसं कमरेएवढ्या पाण्यात केबल धरून उभी होती. त्यातली बरीचशी सहा महिन्यांनी घरी गेली. आता तुमच्या गावातला फॉल्ट काढायला कोण येतं ते सांगा, हेलपाटे मोजू.

रोखठोक_रावसाहेब

फोनच नाहीये आता, मोबाईल आहे.

सहावा_अटेम्प्ट

पण २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी आठवडाभर संपावर गेले तेव्हा तुमचेच हेलपाटे वाढले असतील ना? म्हणजे काहीतरी काम करत असणार.

संपादक

मूळ विषयावर या. ट्रम्प-मोदी-ठाकरे यांच्यासाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

दुधीभोपळा

मी फक्त एवढंच म्हणायला आले की पोटोमॅककाठींच्या तिळाच्या वड्या यंदा पहिल्यांदा बसल्या. नोकरी गेली तर आठवण ठेवा, एडिसनमध्ये तुमच्या नावावर दुकान चालेल.

पोटोमॅककाठी

:) गूळ कुठला वापरलास?

दुधीभोपळा

कोल्हापुरी, पटेलमधला.

नवा_भिडू | ५ फेब्रुवारी

मी पण फेडरल, लागून सातच महिने झालेत, प्रोबेशनवर. सिनियर लोक म्हणतात प्रोबेशनवाल्यांच्या याद्या मागवल्यात. माझ्यासाठी खतावणींचा हिशेब सांगा ना.

खतावणी

सात महिन्यांत सेव्हरन्स नाही, अपीलही जवळजवळ नाही. तुझा हिशेब उलटा येतो रे. पगाराची गरज असेल तर तुझ्यासाठी ऑफर वाईट नाही, मिळाली तर. पण ही जबाबदारी माझ्यावर टाकू नकोस.

पोटोमॅककाठी | ७ फेब्रुवारी

काल दिवसभर ऑफिसमध्ये कुणी काम केलं असेल तर शपथ. दुपारी बातमी आली की बॉस्टनच्या जज ओ'टूल यांनी मुदत सोमवारपर्यंत पुढे ढकलली. मी एक मेल लिहून ठेवली होती, 'रिझाईन' एवढीच. सेंडवर बोट होतं हो. मग काकांचा दोऱ्याचा हार आठवला आणि हसायला आलं, लॅपटॉप मिटला. ओपीएमने प्रश्नोत्तरं पण काढलीयेत, त्यात म्हणे या काळात दुसरी नोकरी करा, नाहीतर स्वप्नातल्या ठिकाणी फिरायला जा. आणि सरकारातल्या कमी उत्पादक नोकऱ्यांतून खाजगीतल्या जास्त उत्पादक नोकऱ्यांकडे माणसं गेली की देशाची भरभराट होईल असंही लिहिलंय. १४ वर्षं मी कमी उत्पादक होते हे मला वाक्य वाचून कळलं.

सिलिकॉनवाला

हे मात्र वाईट लिहिलंय. माझ्या एचआरने निदान 'तुमच्या योगदानाबद्दल आभार' तरी लिहिलं होतं.

पोटोमॅककाठी | १३ फेब्रुवारी

काल जजनी स्थगिती उठवली, युनियनना दावा लावायचा अधिकारच नाही म्हणून, आणि संध्याकाळी सात वाजता ऑफर बंद. ७५ हजार लोकांनी घेतली म्हणतायत. मी नाही पाठवली. ठरवून नाही पाठवली का घाबरून हे मला विचारू नका.

नवा_भिडू | १५ फेब्रुवारी

मला काढलं. मी पण पाठवली नव्हती. पत्रात लिहिलंय की परफॉर्मन्स समाधानकारक नाही, माझं अजून एकही मूल्यमापन झालेलं नाही. बॉसला पत्र माझ्याकडूनच कळलं.

कंत्राटी_कावळा

मित्रा, व्यनि (खाजगी निरोप) बघ. कॉफीला भेटू.

पोटोमॅककाठी | २४ फेब्रुवारी

शनिवारी नवीन मेल. गेल्या आठवड्यात काय केलंत ते पाच मुद्द्यांत लिहा.

मुलुंडचा_मुलगा

१. ही मेल वाचली. २. पुन्हा वाचली. ३. नवऱ्याला वाचून दाखवली. ४. धाग्यावर टाकली. ५. वड्या केल्या.

नवा_भिडू | २० मार्च

कॅलिफोर्नियातल्या जजच्या आदेशाने मला परत घेतलंय, म्हणजे पगारी रजेवर. काम नाही, बॅज नाही, पगार आहे. आईला फोनवर समजावून सांगता येत नाहीये. ती विचारते, मग तू नोकरीला आहेस का नाहीस?

टेलिफोनकाका

आईला सांग, लाईन आहे पण डायलटोन नाही.

पोटोमॅककाठी | १६ एप्रिल

दुसरी फेरी आली. या वेळी आमच्याच एजन्सीकडून, रीतसर करार, सहीचा. चाळिशीच्या वरच्यांना विचाराला ४५ दिवस. काका, कागद आला बघा!

आमच्या नऊ जणांच्या टीममधले चार तयार आहेत. एक बाई ५८ वर्षांच्या, लवकर रिटायरमेंटमध्ये बसतात, इन्शुरन्स सोबत नेता येतो, त्यांनी डोळे मिटून घेतलं आणि बरोबरच केलं. माझं मात्र खतावणींचं पानच पुढे येतं. नवऱ्याची कंपनी बारा माणसांची, तिथला इन्शुरन्स असून नसल्यासारखा. आणि अजून एक कारण आहे, हसू नका. आमचं आकडेवारीचं एक टेबल दर महिन्याला निघतं. ते कसं काढायचं हे माहीत असलेल्या तिघींपैकी दोघी चालल्या.

रोखठोक_रावसाहेब

हसत नाही. पण टेबलासाठी कुणी राहतं का?

पासबुक

राहतात. मी रोकड जुळत नाही म्हणून राहिलो होतो.

पोटोमॅककाठी | १४ नोव्हेंबर २०२५

धागा वर काढतेय, कारण व्यनितून दोघांनी विचारलं की शेवटी त्या लोकांना पैसे मिळाले का. मी ज्यांना ओळखते त्यांना मिळाले. ५८ वर्षांच्या बाई मेमध्ये घरी गेल्या, शेवटपर्यंत प्रत्येक पगार वेळेवर. म्हणजे खतावणी, सिनेटर आणि युनियन, सगळ्यांची पगार मिळणार नाही ही भीती निदान त्यांच्यापुरती खोटी निघाली, सिलिकॉनवाला यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. सगळ्या फेऱ्या धरून दीड लाखाच्या आसपास लोक गेलेत.

आणि १ ऑक्टोबरला शटडाऊन, म्हणजे पैसे मंजूर नाहीत म्हणून सरकारी कामकाज बंद. ज्यांनी राजीनामा दिला त्यांचा पगार ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण झाला, आणि आम्ही राहिलो ते दुसऱ्या दिवसापासून बिनपगारी. ४३ दिवस. मुलाच्या फीचा हप्ता नाशिकहून बाबांनी भरला, सरकारी नोकरी सोडू नकोस म्हणणाऱ्यांनीच. काल परत ऑफिसला गेले. तुंबलेला पगार येईल, तसा कायदा आहे. टेबल दोन महिन्यांचं तुंबलंय.

सिलिकॉनवाला

कॉलर वगैरे नाही हो. मला परत लेऑफ मिळालाय सप्टेंबरमध्ये. तुमच्याकडे जागा आहे का?

पोटोमॅककाठी

भरती बंद आहे. :(

नवा_भिडू

मी राज्य सरकारात लागलो, मेरीलँडच्या. पगार कमी. आई म्हणते सरकारीच आहे ना, झालं तर.

खतावणी

@पोटोमॅककाठी, ती फेब्रुवारीतली मेल, 'रिझाईन'वाली, ड्राफ्टमध्ये आहे का अजून?

पोटोमॅककाठी

आहे.

टेलिफोनकाका

डिलीट कर आधी. मांजर कीबोर्डवर बसलं म्हणजे?

पोटोमॅककाठी

मांजर नाहीये काका. पण पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत, त्यांना माझाच लॅपटॉप लागतो.